डबा बदलला, औषध तेच राहिलं

कालवड वर्षाची झाली तरी अंग धरत नव्हती. केस राठ, पोट सुटलेलं, शेण पातळ. दर तीन महिन्यांनी न चुकता जंताचं औषध पाजत होतो, म्हणून जंतांचा संशयच आला नाही. मग एका सकाळी तिच्या जबड्याखाली पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी सूज लोंबताना दिसली आणि पोटात धस्स झालं.

डॉक्टरांनी खालची पापणी ओढून पाहिली. आतून पांढरीफटक. "शेवटचं औषध कोणतं दिलंत?" मी तीन नावं सांगितली. एकच औषध सारखं देऊ नये हे ऐकलं होतं, म्हणून मुद्दाम बदलत होतो. त्यांनी रिकामे डबे मागवले आणि घटक वाचायला लावले. दोनांत फेनबेन्डाझोल, तिसऱ्यात अल्बेन्डाझोल. दोन्ही एकाच गटातली. एकाला सरावलेले जंत दुसऱ्यालाही सहसा दाद देत नाहीत.

मात्राही चुकत होती. छातीचा घेर 48 इंच भरला, अंगाची लांबी 44. घेराला घेराने गुणून, मग लांबीने गुणून 660 ने भागलं की किलोत वजन मिळतं. आलं साधारण 154. मी नजरेने 110 धरत होतो. कमी मात्रेत कमकुवत जंत मरतात, चिवट उरतात आणि त्यांचीच पिल्लावळ वाढते. हे मीच माझ्या गोठ्यात घडवत होतो, याचं फार वाईट वाटलं.

ताजं शेण तपासायला दिलं. गोल जंतांची अंडी मिठाच्या दाट पाण्यात तरंगतात, यकृतातल्या चपट्या कृमींची जड असल्याने तळाशी बसतात, म्हणून दोन वेगळ्या तपासण्या. दोन्हींत अंडी निघाली. चपट्या कृमींवर फेनबेन्डाझोलची नेहमीची मात्रा चालतच नाही! त्या येतात पाणथळ जागेतल्या गोगलगायींमार्फत, आणि माझी जनावरं डबक्याकाठीच चरायची. त्यांच्यासाठी डॉक्टरांनी ट्रायक्लाबेन्डाझोल दिलं, कारण ते कोवळ्या कृमीही मारतं. ऑक्सिक्लोझानाइड फक्त मोठ्या मारतं. गोल जंतांसाठी दुसऱ्या गटातलं लेव्हामिसोल. ते जास्त झालं तर बाधतं, त्यामुळे वजन पुन्हा मोजूनच पाजलं. पाजताना मान फार उंच केली नाही, औषध श्वासनलिकेत जायची भीती असते.

चौदा दिवसांनी परत शेण दिलं. गोल जंतांची अंडी जवळपास गेली होती. सूज उतरायला मात्र वेळ लागला.

आता तीन महिन्यांचा नियम सोडलाय. ओलसर उबेत शेणातल्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या एक-दोन आठवड्यांत गवतावर चढतात. औषध देऊन त्याच ओल्या कुरणात सोडलं, तर जनावर पुन्हा जंत गिळतं. म्हणून पावसाआधी आणि पाऊस ओसरल्यावर तपासणी करतो आणि अंडी निघाली तरच औषध. मोठ्या गायींत बरीच प्रतिकारशक्ती असते, लक्ष वासरांवर जास्त. लहान वासरांना तर आईच्या दुधातूनही जंत येतात, त्यांचा पहिला डोस दोन-तीन आठवड्यांच्या वयात. गाभण गाईला सुरुवातीच्या काळात अल्बेन्डाझोल देत नाही. दुभतीला काहीही देण्याआधी दूध किती दिवस वापरायचं नाही ते डब्यावर पाहतो.

डबक्याभोवती कुंपण घातलं. कालवडीचे केस आता चमकायला लागलेत.