नवले पुलावरचा अपघात कुठे सुरू होतो?

पुण्यात मुंबई-बेंगळुरू महामार्गावरच्या नवले पुलाचे नाव निघाले की पाठोपाठ अपघाताचा विषय निघतोच, आणि अपघातांच्या नकाशावरही ठिपक्यांची दाटी तिथेच दिसते. ठिपका पडतो तो वाहने एकमेकांवर आदळली त्या जागी. अपघाताची सुरुवात मात्र बरीच मागे, कात्रजचा नवा बोगदा ओलांडल्यावर लागणाऱ्या लांबलचक उतारावर झालेली असू शकते.

डिझेल वाचवण्यासाठी काही ट्रकचालक उतारावर गाडी न्यूट्रल करतात. मग इंजिनाचा अटकाव संपून सारा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि पकड सुटत जाते. इंजिनच बंद केले असेल, तर एअर ब्रेकच्या टाकीत हवा नव्याने भरतही नाही. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका भरधाव अवजड वाहनामुळे इथे सुमारे ४८ वाहनांचे नुकसान झाले.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या व्याख्येनुसार, राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटर पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यूचे वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले किंवा दहा जण दगावले, की तो ‘ब्लॅक स्पॉट’ ठरतो. धोक्याची जागा हेरायला ही व्याख्या उपयोगी आहे. पण हा उतार ५०० मीटरच्या चौकटीत मावत नाही, आणि केवळ चौकटीतच रंबलर (वेग कमी करायला लावणारे खडबडीत पट्टे) बसवून भागणारही नाही.

वेळेचेही तसेच आहे. देशभरात सर्वाधिक अपघात सायंकाळी ६ ते ९ या वेळेत नोंदले जातात, परंतु तेव्हा रस्त्यावर वाहनेही जास्त असतात. म्हणून प्रत्येक तासाच्या अपघातांना त्या तासाच्या वाहनसंख्येने भागले पाहिजे. सायंकाळी उताराच्या पायथ्याशी रांग लागते आणि वरून येणारा ट्रक तिच्या शेपटीवर आदळतो. पहाटे रस्ता मोकळा असतो, तेव्हा घात करतो तो वेग आणि चालकाची झोप. ठिपका एकाच जागी पडला, तरी दोन्ही वेळांचे उपाय वेगळे आहेत.

आता अपघातांच्या नोंदीसाठीच्या ‘आयरॅड’ या सरकारी प्रणालीत पोलीस मोबाइलवरूनच अक्षांश-रेखांशांसह नोंद करू शकतात, ही मोठी सोय आहे. मात्र ती घटनास्थळी उभे राहूनच व्हायला हवी, नाहीतर ठिपका ठाण्याच्या आवारात पडायचा. त्या नोंदीत आणखी दोन गोष्टी आवर्जून हव्यात, असे मला मनापासून वाटते: आदळण्यापूर्वी ट्रक कोणत्या गिअरमध्ये होता, आणि त्याचा वेग उतारावर कुठपासून वाढत गेला.