परीक्षकांनी खोडलेलं उत्तर

प्रॅक्टिकल परीक्षा कधीच आटोपली, पण तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीची तोंडी परीक्षा माझ्या डोक्यातून जात नाही.

ब्राऊनियन हालचालीचा, म्हणजे पाण्यातल्या बारीक कणांच्या सततच्या वेड्यावाकड्या हालचालीचा, प्रयोग सोलापूरच्या उन्हाळ्यात लावायचा तर पंखे बंद ठेवावे लागतात. टेबल जरा थरथरलं तरी निरीक्षण बिघडतं. सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीवर चित्रकलेच्या काळ्या शाईचा पातळ केलेला थेंब, वर कव्हरस्लिप, चारही कडांना नेलपॉलिश. एखादी कड उघडी राहिली की पाणी उडतं आणि सगळे कण एकाच दिशेला वाहू लागतात. मुलं तेच जर्नलमध्ये उतरवतात. पूर्व भागातल्या यंत्रमाग कामगाराच्या या मुलीने मात्र एकच कण धरला. तो अंधूक झाला की बारीक फोकसचा स्क्रू किंचित फिरवायची. "सर, खाली गेला. आता परत वर चढला!"

हे चढणं पाण्याच्या उष्णतेवरच होतं, आणि एकाच तापमानाच्या पाण्यातून उष्णता काढून तिचं नुसतं काम करून घेता येत नाही, असं उष्मागतिकीचा दुसरा नियम म्हणतो. म्हणून तोंडीला ती म्हणाली, "उष्मागतिकीचा दुसरा नियम इतक्या लहान कणाला सरासरीने लागू होतो, प्रत्येक क्षणी नाही." बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिथेच तोडलं, "दुसऱ्या नियमाला अपवाद नसतो." मार्क कापले. व्याख्या घडाघडा म्हणणाऱ्यांना पैकीच्या पैकी. याची मला चीड आहे.

मुलीचं बरोबर होतं. रेणूंच्या छोट्या समूहात हा नियम सतत मोडतो, हे भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने १८७८ सालीच लिहून ठेवलंय. २००२ साली ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी लेसरच्या सापळ्यात धरलेला ६.३ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मणी पाण्यातून ओढला. एरवी पाणी अडवतं. काही वेळा मात्र पाण्यानेच मणी पुढे ढकलला. अशा उलट्या नोंदी साधारण दोन सेकंदांच्या मोजणीपर्यंत मिळाल्या. वेळ किंवा आकार वाढला की ही शक्यता झपाट्याने घसरते, आणि सरासरी तर कधीच उलटी जात नाही.

परवा ती नवीन प्रश्न घेऊन आली. "सर, कण वर गेला की खालून अडसर सरकवायचा. असं करत राहिलं तर फुकट ऊर्जा मिळेल?"

अडसर कधी सरकवायचा हे कळायला कण कुठे आहे ते मोजावं लागतं, ती नोंद ठेवावी लागते आणि कधीतरी पुसावी लागते. पुसताना ठरावीक किमान उष्णता बाहेर पडतेच, हे भौतिकशास्त्रज्ञ लँडॉअरने १९६१ साली मांडलं. एवढं सांगून मी थांबलो. "तुझ्या कणाला एक मायक्रॉन चढायला किती ऊर्जा लागते तिथून सुरू कर," म्हटलं आणि कोरे कागद पुढे केले.