शाळेच्या बैठकीला रिकाम्या हातानं जाऊ नका

शाळेतून निरोप येतो, 'मुलाचं लक्ष नसतं, कुणाला तरी दाखवून घ्या.' मग घरात धावपळ सुरू होते ती निदानाचं नाव मिळवण्यासाठी. नाव लागतंच, कारण सवलती आणि सेवा निदानाच्या कागदावरूनच मिळतात. पण 'डिस्लेक्सिया', म्हणजे वाचन शिकण्यातली अडचण, असा शिक्का असलेली दोन मुलं घ्या. एकाला अक्षर आणि आवाज यांची जोडी जमत नाही. दुसरं बरोबर वाचतं, पण इतकं सावकाश की वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरून गेलेलं असतं. दोघांना लागणारी मदत वेगळी आहे आणि ती शिक्क्यावरून कळत नाही. नेमकं कुठं अडतं याचं वर्णन लागतं, आणि ते एका साध्या वहीत तयार होतं. मुलाला कोणती मदत द्यायची हे ठरवणाऱ्या शाळेच्या बैठकीला तेच न्यायचं.

वहीत चार रकाने आखा: वेळ, आधी काय घडलं, मुलानं काय केलं, नंतर काय झालं. दोन आठवडे रोज दोन-तीन नोंदी पुरतात. 'हट्टीपणा केला', 'चिडला' हे शब्द वर्ज्य. ती आपली मतं झाली. डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहायचं:

'१०:४०. फळ्यावरचं उतरवून घ्यायला सांगितलं. तीन शब्द लिहिले, पेन्सिल टाकली, बाकाखाली गेला. बाईंनी वर्गाबाहेर उभं केलं.'

अशा पाच नोंदी जमल्या आणि पाचही वेळा आधी लिहून काढायचं काम होतं, तर प्रश्न शिस्तीचा कमी आणि लिखाणाचा जास्त. चौथा रकाना आणखी एक गोष्ट सांगतो: बाहेर उभं केलं की लिहिणं टळतं, म्हणजे शिक्षाच सुटका ठरते आहे. असं झालं की ते वागणं वाढत जातं. वर्गशिक्षिकेकडून लांबलचक नोंदींची अपेक्षा धरू नका. चाळीस मुलांच्या वर्गात ते होत नाही. दिवसाला एक छोटं कार्ड, एक ओळ, एवढंच मागा. आणि बरे दिवसही लिहा. तोच मुलगा तोंडी विचारलं की पटापट उत्तरं देतो, ही नोंद बैठकीत सगळ्यात जास्त कामाला येते.

तज्ज्ञांकडून मुलाच्या चाचण्या, म्हणजे मूल्यमापन, करून घ्यायची वेळ ठरवण्याआधी कान आणि डोळे तपासून घ्या. जन्मतः केलेली श्रवणचाचणी नीट आली होती, एवढ्यावर थांबू नका. कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं की ऐकू येणं कमीजास्त होत राहतं. मूल कधी हाकेला ओ देतं, कधी देत नाही, आणि आपण 'मुद्दाम करतो' म्हणून मोकळे होतो. डोळ्यांच्या बाबतीत लांबचा तक्ता वाचता आला म्हणजे पुस्तकाच्या अंतरावरचंही नीट दिसतं असं नाही. जवळची नजर आणि दोन्ही डोळ्यांचा मेळ वेगळा तपासायला सांगा. मूल बोलता बोलता काही सेकंद थिजत असेल, हाकेनं किंवा हात लावूनही भानावर येत नसेल आणि मग जणू काही झालंच नाही असं पुढे चालू करत असेल, तर त्याला तंद्री समजू नका. ते फिटही असू शकतं. मोबाइलवर चित्रण करून डॉक्टरांना दाखवा.

मूल्यमापनाचा अहवाल हातात आला की आकड्यांनी घाबरायला होतं. बहुतेक प्रमाणित चाचण्यांत सरासरी १०० धरतात आणि सुमारे दोन तृतीयांश मुलं ८५ ते ११५ च्या मध्ये येतात. पर्सेंटाइल १६ म्हणजे शंभरपैकी १६ गुण नव्हेत. त्याच वयाच्या शंभर मुलांत साधारण सोळा जण त्याच्या मागे किंवा बरोबरीला आहेत, असा त्याचा अर्थ. एकूण बुद्ध्यांकाकडे कमी आणि उपघटकांच्या फरकाकडे जास्त बघा. शब्दांची समज ११५ आणि काम उरकण्याचा वेग ७८ असेल, तर मधला एकच आकडा दोन्ही गोष्टी झाकून टाकतो. घाईनं दुसरीकडे तीच चाचणी पुन्हा करून घेऊ नका. प्रश्न ओळखीचे झाले की गुण फुगतात.

आता बैठक. सोबत कुणाला तरी न्या. एकानं बोलावं, दुसऱ्यानं लिहून घ्यावं. मागण्या तीन, दहा नाहीत. 'वाचन सुधारेल' हे उद्दिष्ट मान्य करू नका, कारण ते कधी पुरं झालं हे कुणालाच सांगता येत नाही. 'आधी न पाहिलेला, ठरलेल्या पातळीचा १०० शब्दांचा उतारा, त्यातले ९५ शब्द बरोबर, सलग तीन वेळा' हे मोजता येतं. प्रत्येक उद्दिष्टासमोर कोण शिकवणार, आठवड्यातून किती वेळा, किती मिनिटं आणि आढावा कधी, हे लिहून घ्या. आढावा सहा ते आठ आठवड्यांनी ठेवा, वर्षाअखेरीला नको. घरी आल्यावर त्याच दिवशी ठरलेल्या गोष्टींचा ईमेल पाठवा. तोंडी आश्वासन शिक्षक बदलले की हवेत जातं.

सवलत अडचणीला जुळणारी हवी. हात दुखणाऱ्या मुलाला जास्त वेळ दिला तर ते जास्त वेळ दुखतं. त्याला मधे विश्रांती, टंकलेखन किंवा लेखनिक हवा. लेखनिकाला सांगून लिहून घेणं हेही एक कौशल्य आहे. परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा लेखनिक भेटला तर मूल निम्मी उत्तरं गिळतं. आधी दोन-तीन महिने सराव हवा.

थेरपीची आठवड्यातली ४५ मिनिटं तेवढ्यानंच फार पुढे नेत नाहीत. प्रत्येक वेळी थेरपिस्टला विचारा, 'या आठवड्यात घरी रोज दहा मिनिटं नेमकं काय करू?' आणि ते करून दाखवायला सांगा. बोलणं उशिरा आलं म्हणून घरची भाषा सोडायला कुणी सांगितलं तर ऐकू नका. दोन भाषांमुळे असा विलंब होत नाही, उलट मूल आजी-आजोबांपासून तुटतं. चित्रांचे फलक किंवा बोलणारं अ‍ॅप दिल्यानं बोलणं मागे पडतं ही भीतीही निराधार आहे. मात्र दुसऱ्या कुणी मुलाचा हात धरून अक्षरांवर बोट नेतं आणि मूल वाक्यं 'लिहितं', असा प्रकार दिसला तर सावध व्हा. नियंत्रित चाचण्यांत ते शब्द हात धरणाऱ्याचेच निघाले आहेत. 'पूर्ण बरं करून देतो' म्हणणाऱ्यांपासूनही चार हात लांब राहा.

पालकांचा गट शोधताना मुलाच्या वयाच्या पुढची मुलं असलेले पालक कुठे आहेत ते बघा. पुढची शाळा, परीक्षा, प्रवेश यांची कागदपत्रं त्यांनी नुकतीच हाताळलेली असतात. भावंडांना अडचणीचं नाव सांगा, तिचं कारण सांगा, आणि 'हे तुझ्यामुळे झालेलं नाही' हेही सांगा. लहान मुलं तसं मनात धरतात.

मुलाच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये अगदी वर एक पान ठेवा, नवीन वर्षाच्या नव्या शिक्षकांसाठी. एकच पान, दोन्ही बाजूंनी नको. पहिल्या ओळीत मुलाला काय आवडतं. मग काय जमतं. मग काय अडतं, तीन मुद्दे. मग बिनसण्याआधीची खूण, जसं कान झाकून घेणं, आणि त्या वेळी काय करायचं, काय नाही. शाळा सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात ते हातात द्या. पहिल्याच दिवशी सकाळी वर्गाच्या दारात दिलं तर ते टेबलावरच्या गठ्ठ्यात जाऊन पडतं.