तुम्ही विचारलंत म्हणून: फोर्ज्ड, म्हणजे ओतण्याऐवजी दाबून घडवलेले, पिस्टन टाकल्यावर किती पॉवर वाढते?

शून्य. खरं सांगायचं तर शून्याच्याही दोन-तीन अश्वशक्ती खाली.

माझ्या टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) असलेल्या गाडीचं इंजिन पूर्ण उघडून आतले पिस्टन, त्यांना खालच्या क्रँकशी जोडणारे कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंग बदललेत, हे कुणाला कळलं की पाठोपाठ हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याच्या डोळ्यांत चमक असते आणि माझं उत्तर ऐकून ती मावळते. पण आकडा खरा आहे. इंजिन बांधून झालं, सुरुवातीचे जपून चालवायचे किलोमीटर उरकले, मग गाडी डायनोवर, म्हणजे पॉवर मोजणाऱ्या यंत्रावर, चढवली. बूस्ट, म्हणजे टर्बो हवा किती जास्त दाबाने देतो तो आकडा, जुनाच ठेवला होता. जो आलेख आला तो जुन्या आलेखाच्या किंचित खाली. नव्या पिस्टनांमुळे कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा, 9.5 वरून 9 वर उतरला होता, त्याचा तो परिणाम. इतके महिने, इतके पैसे, आणि हाती आली वजाबाकी.

पॉवर येते ती हवेतून आणि इंधनातून. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? टर्बो 0.8 बार बूस्ट देत असेल, तर वातावरणाचा 1 बार धरून इंजिनाला साधारण 1.8 बारची हवा मिळते. बूस्ट 1.2 केला की ती 2.2 होते. तापमान तेवढंच राहिलं असं मानलं तर हवा सुमारे 22 टक्क्यांनी वाढली. त्या प्रमाणात पेट्रोल पुरवता आलं आणि ते नीट जाळता आलं, तर ताकदही जवळपास तेवढीच वाढते. या हिशेबात पिस्टन कुठेच आला नाही. हे सगळं चाललेलं असताना त्याने फक्त शाबूत राहायचं असतं.

मग मी ते बदलले का? कारण आधीचे मी स्वतःच्या हाताने मोडले.

गाडी घेतल्यावर वर्षभरात मी बूस्ट वाढवला. मॅप, म्हणजे इंधन, ठिणगी आणि बूस्टचं कोष्टक, तयार मिळाला, तो ईसीयूमध्ये (इंजिनाच्या संगणकात) चढवला आणि खूश झालो. इंटरकूलर, म्हणजे टर्बोतून आलेली हवा थंड करणारी जाळी, कंपनीचाच होता, लहानसा. दोन-तीन वेळा सलग जोरात पळवली की आत जाणारी हवा किती तापते हे मोजायचं मला सुचलंसुद्धा नाही. काही महिन्यांनी सायलेन्सरमधून निळसर धूर यायला लागला आणि ऑइल कमी व्हायला लागलं. कॉम्प्रेशन तपासलं तर तीन सिलिंडर 11 बारच्या आसपास आणि एक 7 वर. हेड काढलं, पिस्टन बाहेर आला, तेव्हा त्याच्याभोवतीच्या पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधली जी पातळ भिंत असते, रिंग लँड, तिचा नखाएवढा तुकडा गायब होता.

इंजिन उघडणारे मिस्त्री माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे. त्यांनी त्या सिलिंडरचा प्लग उजेडात धरला. पोर्सलीनवर मिरपूड भुरभुरावी तसे बारीक करडे ठिपके होते. ते ॲल्युमिनियम होतं, पिस्टनच्या डोक्यावरचं. ते म्हणाले, "पिस्टन मेलाय ते दिसतंय रे, मारला कुणी ते बघ आधी." मी ऐकून घेतलं आणि फोर्ज्ड पिस्टन मागवले.

मारला होता नॉकिंगने. प्लगने ठिणगी टाकली की ज्वाळा प्लगपासून कडांपर्यंत पसरत जाते आणि दाब चढत जातो, हे अपेक्षित. पण आतलं मिश्रण आधीच फार तापलेलं आणि दाबलेलं असेल, तर ज्वाळा पोचण्याआधीच शेवटच्या कोपऱ्यातलं मिश्रण एकदम भडकतं. ढकलण्याऐवजी हातोडा बसतो. पिस्टनवर हवेचा एक पातळ थर असतो, तो त्याला उष्णतेपासून वाचवत असतो. हा हातोडा तो थरही उडवून लावतो. साध्या ओतीव पिस्टनमध्ये सिलिकॉन बरंच असतं. त्यामुळे तो कमी फुगतो, कमी झिजतो, पण ठिसूळही असतो. त्याची रिंग लँड वाकत नाही, तुटते.

टर्बोवाल्यांचं हे दुखणं जुनं आहे. 1962 मध्ये ओल्ड्समोबाइल जेटफायर नावाची अमेरिकन गाडी आली. साडेतीन लिटरचं ॲल्युमिनियमचं व्ही-8 इंजिन, वर टर्बो, आणि कॉम्प्रेशन रेशो चक्क 10.25. आजच्या थेट इंधन फवारणाऱ्या टर्बो इंजिनांना हा आकडा पचतो, त्या काळच्या कार्ब्युरेटरला पचणं शक्यच नव्हतं. म्हणून कंपनीने पाणी आणि मेथेनॉलचं मिश्रण फवारायची सोय केली आणि त्याला 'टर्बो रॉकेट फ्लुइड' असं भारदस्त नाव दिलं. ते द्रव संपलं की बूस्ट आपोआप कमी व्हायचा. मालक ते भरायला विसरायचे आणि मग गाडीत दम नाही म्हणायचे. मला हे फार आवडतं. नॉकिंगची भीती बाळगूनच ती गाडी बनवली होती. माझ्या तयार मॅपच्या मागे तेवढीही भीती नव्हती.

तर नवे पिस्टन आले. फोर्ज्ड म्हटलं की लोक एकच वस्तू समजतात, पण त्यातही मुख्य दोन मिश्रधातू चालतात. 4032 मध्ये सुमारे 12 टक्के सिलिकॉन, 2618 मध्ये जवळजवळ नाहीच. 2618 जास्त चिवट, मार खाल्ला तर तडकण्याऐवजी दबतो. पण तापला की जास्त फुगतो, म्हणून थंड असताना सिलिंडरच्या भिंतीपासून त्याला जास्त जागा सोडावी लागते. रोजच्या वापराच्या गाडीला 4032 पुष्कळ झाला, असं माझं आजचं मत. तेव्हा मात्र मला सगळ्यात दणकट तेच हवं होतं, म्हणून 2618.

आणि मॅप? तोच जुना.

रोग रेड्याला आणि औषध पखालीला. आठ महिन्यांनी ऑइल बदलताना मिस्त्रींनी फिल्टर कापून आतला कागद उलगडला. त्यात धातूची चमचम होती. पिस्टन ठणठणीत होते, रिंग लँड शाबूत होत्या. हातोडा चालूच होता, फक्त पिस्टनने तो खाल्ला नाही, खाली पाठवला. रॉडच्या मोठ्या टोकाच्या बेअरिंगचे वरचे शेल, म्हणजे अर्धगोल पत्रे, ठोकून ठोकून उघडे पडले होते. दुसऱ्यांदा इंजिन उतरवलं. त्या दिवशी मिस्त्री काहीच बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

मग खरं काम केलं. मोठा इंटरकूलर, मोठा फ्युएल पंप, एअर-फ्युएल रेशो दाखवणारं मीटर, आणि माझ्याच गाडीवर बसून केलेलं ट्यूनिंग. इग्निशन काही अंश मागे घेतलं. बूस्ट मात्र आधीपेक्षा जास्त ठेवता आला. पॉवर वाढली ती इथे.

रॉडबद्दलही विचारलं जातं, आणि इथे थोडा हिशेब मांडायचा मोह होतो. रॉडवर दोन उलट प्रकारचे ताण येतात. एक दाबणारा. 86 मिलिमीटर बोअरच्या (सिलिंडरच्या व्यासाच्या) पिस्टनवर 100 बार दाब आला तर साधारण 58,000 न्यूटन, म्हणजे जवळपास सहा टन वजन एका रॉडवर. हा ताण टॉर्कबरोबर, म्हणजे इंजिनाच्या पिळाच्या जोराबरोबर, वाढतो. दुसरा ताण ओढणारा. एक्झॉस्टच्या फेरीत वरच्या टोकाला पिस्टन पोचतो तेव्हा त्याला थांबवून परत खाली खेचायचं असतं, आणि तिथे उलट बाजूने दाबणारा वायू नसतो. 86 मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) आणि 7,000 आरपीएमला अर्ध्या किलोच्या पिस्टनसाठी ही ओढ दीड टनाच्या घरात जाते. ती वेगाच्या वर्गाने वाढते. 8,000 आरपीएमला तीच जवळजवळ 31 टक्क्यांनी जास्त.

म्हणून टॉर्क रॉड वाकवतो आणि आरपीएम रॉडचे बोल्ट तोडतो. छोटा टर्बो लावून 2,000 आरपीएमलाच भरपूर बूस्ट देणारी गाडी असेल, तर कागदावरची पॉवर कमी दिसली तरी रॉडची परीक्षा तिथेच होते. त्यातून थेट इंधन फवारणीचं इंजिन असेल, तर कमी आरपीएमला वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर मिश्रण ठिणगीच्याही आधी पेटण्याचा धोका असतो, आणि तो नॉकिंगपेक्षा वाईट. चढाला गिअर खाली टाका. याला पैसे लागत नाहीत.

बोल्टचं म्हणाल तर चांगल्या बोल्टमध्ये पैसे घाला आणि ते किती ताणले गेले ते मोजून कसा. नुसता टॉर्क रेंचचा आकडा फसवतो, कारण आट्यांवर कोणतं वंगण लावलंय त्यावर तो बदलतो.

आता ज्याबद्दल कुणी विचारत नाही ते. अंतरं. बांधलेलं इंजिन टिकतं की मोडतं हे बहुतेक वेळा इथे ठरतं, ब्रँडवर नाही. रिंगची दोन टोकं जिथे समोरासमोर येतात तिथे फट ठेवावी लागते. टर्बो इंजिनात वरच्या रिंगसाठी ती बोअरच्या सुमारे अर्धा टक्का धरतात, म्हणजे 86 मिलिमीटरला 0.43 मिलिमीटरच्या आसपास. नेमका आकडा पिस्टनवाल्याच्या कागदावरून घ्यायचा. फट कमी ठेवली की रिंग तापून फुगते, टोकं एकमेकांना भिडतात, आणि मग रिंग जागा शोधते ती पिस्टन फोडून. चार पिस्टनांच्या रिंगा एकेक करून त्या-त्या सिलिंडरमध्ये उतरवायच्या, फीलर गेजने मोजायच्या, कानसायच्या, पुन्हा मोजायच्या. मिस्त्रींनी यात एक आख्खी दुपार घालवली आणि मला फक्त धरायला आणि पुसायला दिलं. बेअरिंगची फट, होनिंग (सिलिंडरची भिंत घासून नीट करणं), नव्या पिस्टन-रॉडचं वजन जुळवणं, हेड उचललं जाऊ नये म्हणून स्टड आणि अनेक पातळ पोलादी थरांचं गॅस्केट, हे सगळं त्याच पठडीतलं. सावकाश करणारा माणूस शोधा, एवढंच त्यावर सांगेन.

"पण अमुक इंजिन तर आतलं काही न बदलता दुप्पट पॉवर झेलतं!" असंही ऐकतो. बहुधा बोट टोयोटाच्या 2जेझेड-जीटीईकडे असतं. झेलतं, खरं आहे. लोखंडी ब्लॉक, सात मेन बेअरिंग, बोअर आणि स्ट्रोक सारखेच, 86 बाय 86 चं चौरस इंजिन. आणि त्या काळी जपानी कंपन्या आपसांतल्या समजुतीने 280 अश्वशक्तीच्या वरचा आकडा कागदावर लिहीतच नसत, त्यामुळे आत शिल्लक भरपूर. तुमच्या इंजिनात शिल्लक किती, हे त्याच्यावरून कळत नाही. तेच इंजिन इतरांनी कुठवर नेलं आणि काय पहिल्यांदा मोडलं, तेवढंच बघायचं. माझ्या इंजिनात पहिल्यांदा रिंग लँड मोडते हे आधी शोधलं असतं तर सापडलं असतं.

तर तुम्हाला काय सांगू? बूस्ट थोडासाच वाढवायचा असेल तर इंजिन बंदच राहू द्या. इंटरकूलर, पेट्रोलचा पुरवठा, मोजणारी साधनं आणि ट्यूनिंग, याच क्रमाने जा. कंपनीने घट्ट बसवलेलं इंजिन उघडलं की ते पुन्हा तितकंच चांगलं बसेल याची हमी कुणी देत नाही. त्या इंजिनाच्या माहीत असलेल्या मर्यादेच्या पलीकडे जायचं नक्की ठरलं असेल तरच पिस्टन-रॉड घ्या, आणि जोडीला क्लच, गिअरबॉक्स आणि ब्रेकचा खर्चही आधीच मांडा.

आणि हो, सकाळी माझी गाडी सुरू झाली की शेजारचे हमखास खिडकीतून डोकावतात: "इंजिनात काहीतरी वाजतंय हो." वाजतंच. थंड पिस्टन आपल्या मोकळ्या सिलिंडरमध्ये डुलतायत. दणकट धातूचा हट्ट मीच धरला होता. चार-पाच मिनिटांत फुगून बसतात आणि आवाज जातो. तोवर मी 2,500 आरपीएमच्या वर जात नाही.