मुलाला पोलिसांनी ताब्यात घेतलं तर: आधी दाखला काढा, मग फोन

मुलाला चौकीत बसवून ठेवलंय असा निरोप आला की बहुतेक घरांतून पहिला फोन नगरसेवकाला जातो, दुसरा ओळखीच्या हवालदाराला. कपाटातली कागदपत्रांची फाइल मात्र कुणाला आठवत नाही. खरं तर सगळ्यात आधी तीच उघडायला हवी. पुढे चौकीत, बाल न्याय मंडळात (अल्पवयीन मुलांची प्रकरणं हेच मंडळ चालवतं), वेळ आली तर सत्र न्यायालयातही पहिला प्रश्न एकच असतो: घटनेच्या दिवशी मुलाचं वय किती होतं?

बाल न्याय कायदा २०१५ चा, लागू झाला १५ जानेवारी २०१६ पासून. घटनेच्या दिवशी अठरा वर्षं पूर्ण झालेली नसतील तर तो ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’. पकडताना तो एकोणीस वर्षांचा असला, चौकशी चालू असताना अठरा पूर्ण झाली, तरी हिशेब घटनेच्या तारखेचाच. वय ठरवण्याचा क्रम कलम ९४ मध्ये दिला आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीच्या मंडळाचं प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. या तपासणीत एक-दोन वर्षं सहज इकडची तिकडे होतात, म्हणून सतरा-अठराच्या उंबरठ्यावरच्या मुलासाठी हा सगळ्यात बेभरवशाचा पुरावा. आणि आधार कार्ड? पालक हमखास तेच पुढे करतात. आधार ओळखीसाठी आहे, जन्मतारखेचा पुरावा म्हणून नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. शाळेकडून बोनाफाईड आणि जनरल रजिस्टरचा उतारा, दोन्ही मागून घ्या. मूल पहिल्यांदा ज्या शाळेत दाखल झालं तिथली नोंद असेल तर सर्वांत उत्तम.

आपल्याकडे एक जुनी अडचण आहे. शाळाप्रवेशाच्या वेळी गुरुजींनी ‘१ जून’ लिहून टाकलेली कितीतरी मुलं आहेत. शाळेत १ जून आणि ग्रामपंचायतीच्या नोंदीत १४ ऑक्टोबर अशी तफावत असली की सरकारी वकील तिथेच बोट ठेवतात. कायद्याच्या क्रमात शाळेचा दाखला आधी येतो, त्यामुळे चुकीची तारीखच गळ्यात पडू शकते. ही दुरुस्ती मूल शाळेत असतानाच करून घ्यावी. शाळा सोडल्यानंतर ती फार जिकिरीची होते, आणि गुन्हा नोंदल्यानंतर केलेल्या दुरुस्तीकडे न्यायालय संशयानेच पाहतं.

मूल अंगाने थोराड असेल, किंवा घाबरून स्वतःच ‘एकोणीस’ म्हणून गेलं असेल, तर पोलिसांच्या कागदावर तेच वय चढतं आणि त्याची रवानगी मोठ्यांच्या कोठडीत होते. असं झालं असेल तर पहिल्याच हजेरीला दाखला दंडाधिकाऱ्यांसमोर ठेवा. कलम ९ प्रमाणे अल्पवयीन असल्याचा दावा कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर, अगदी निकाल लागून गेल्यावरही करता येतो. पण तोवर मुलाने कच्च्या कैद्यांबरोबर काढलेले दिवस कुणी परत देत नाही.

आता चौकीत काय होतं ते. कोठडी नाही, बेडी नाही, दोरी नाही. मुलाशी बोलणारा बालकल्याण पोलीस अधिकारी साध्या कपड्यांत असला पाहिजे. पालकांना कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे आणि विचारपूस चालू असताना आई किंवा वडील शेजारी बसू शकतात. कबुलीसाठी जबरदस्ती करता येत नाही आणि मुलाकडून कोणत्याही जबाबावर सही घ्यायची नसते. केंद्राच्या २०१६ च्या नमुना नियमांतच हे लिहिलं आहे. तरी होतं असं की वडील बाहेरच्या बाकावर ताटकळत बसतात, आत मूल तासभर एकटं असतं आणि ‘इथे सही कर, मग सोडतो’ ऐकून ते सही करून मोकळं होतं. शांतपणे आत जा आणि सांगा, ‘साहेब, मी याचा पालक आहे, विचारपूस माझ्यासमोर करा.’ आवाज चढवू नका. नकार मिळालाच तर वेळ, तारीख आणि अधिकाऱ्याच्या छातीवरचं नाव लिहून घ्या. मंडळासमोर हे सांगता येतं आणि सांगितलंच पाहिजे.

पालकांना माहीत नसलेली आणखी एक गोष्ट म्हणजे मुलावर प्रत्येक वेळी एफआयआर होत नाही. आरोप घृणास्पद गुन्ह्याचा असेल, म्हणजे किमान शिक्षाच सात वर्षं किंवा जास्त असेल, किंवा मुलाबरोबर प्रौढ माणूस सामील असेल, तेव्हाच एफआयआर. बाकी प्रकरणांत स्टेशन डायरीत नोंद आणि मुलाच्या पार्श्वभूमीचा अहवाल, एवढंच. मोबाइलचोरी किंवा शाळेबाहेरची मारामारी अशा प्रकरणात पालकांकडून हमीपत्र घेऊन मूल चौकीतूनच घरी पाठवता येतं.

सोडलं नाही तर प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत मंडळासमोर हजर करणं बंधनकारक आहे. ‘आज मंडळ बसत नाही, सोमवारी बघू’ हे उत्तर स्वीकारू नका. कलम ७ प्रमाणे मंडळ बसलेलं नसेल तेव्हा त्याच्या एका सदस्यासमोरही हजर करता येतं. आणि मधली रात्र मूल फक्त निरीक्षण गृहात (प्रकरण चालू असताना मुलांना ठेवायची जागा) किंवा कायद्याने ठरवलेल्या सुरक्षित ठिकाणीच राहू शकतं, चौकीत नाही. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतली किमान एक स्त्री. वकिलाची सोय नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण वकील देतं. मुलांसाठी त्याला उत्पन्नाची अट नाही आणि १५१०० या क्रमांकावर फोन करून तो मागता येतो.

जामिनाबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. मोठ्यांच्या कायद्यात अजामीनपात्र गुन्हा असला की घरचे हबकतात. मुलांच्या बाबतीत कलम १२ जामीनपात्र आणि अजामीनपात्र असा भेदच करत नाही: जामीन हा नियम. नाकारायची कारणं तीनच आहेत. मूल पुन्हा माहितीतल्या गुन्हेगारांच्या संगतीला लागण्याची शक्यता; त्याला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका; किंवा सोडल्याने न्यायाचा हेतूच विफल होणं. नाकारलं तर कारणं लिहावी लागतात. म्हणून ‘आमचा पोरगा तसा नाही’ या वाक्याने अर्जाला काहीच बळ मिळत नाही. मूल कुठे राहील, कोण लक्ष ठेवील, शाळेचं काय, हे ठोस सांगा. ज्या टोळक्यात ते अडकलं ते गल्लीतलंच असेल तर चार महिने मामाच्या गावी ठेवतो, तिथल्या शाळेचं पत्र हे, मामाचं रेशन कार्ड हे, असं मांडा. जामिनाच्या अटी पूर्ण करणं झेपलं नाही तर सात दिवसांत मुलाला पुन्हा मंडळासमोर आणून अटी बदलून घेता येतात. पैशाअभावी मूल आत खितपत पडावं असं कायद्याला अजिबात अभिप्रेत नाही.

पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या पहाटे अल्पवयीन मुलाच्या गाडीने झालेल्या अपघातानंतर तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर मिळालेल्या जामिनाने महाराष्ट्र संतापला. तो संताप समजण्यासारखा होता, दोन तरुण जीव गेले होते. पण जामीन रद्द न करताच मुलाला निरीक्षण गृहात ठेवणं बेकायदेशीर आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने २५ जून २०२४ ला सांगितलं आणि त्याला सोडायला लावलं. पालकांनी त्या प्रकरणातून लक्षात ठेवायची गोष्ट वेगळीच आहे: रक्ताचे नमुने बदलल्याच्या आणि घरच्या चालकावर दोष घेण्यासाठी दबाव आणल्याच्या आरोपांवरून घरातली मोठी माणसंच आरोपी झाली. मुलाला वाचवायला बाल न्याय कायदा आहे, पुरावा बदलणाऱ्या बापाला तो नाही.

गाडीचा विषय निघालाच आहे तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९९अ सांगायला हवं. ते १ सप्टेंबर २०१९ पासून लागू आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला की पालक किंवा गाडीमालक दोषी धरले जातात: तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. गाडी तुमच्या संमतीनेच दिली होती असं न्यायालय गृहीत धरतं. तसं नव्हतं हे तुम्ही सिद्ध करायचं, आणि किल्ली दाराजवळच्या खुंटीला टांगलेली असेल तर ते अवघड जातं. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो, पण तो ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचा. कॉलेजला जाणारी मुलं ज्या स्कूटर घेऊन जातात त्या शंभर सीसीच्या वरच्या असतात, त्यावर तो चालत नाही. ‘लायसन्स लागत नाही’ म्हणून विकल्या जाणाऱ्या इलेक्ट्रिक स्कूटरची मोटर २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल तरच ते खरं. वेग वाढवून घेतलेली स्कूटर मोटार वाहनच ठरते.

आता सगळ्यात नाजूक प्रकरण. सतरा वर्षांचा मुलगा आणि सोळा वर्षांची मुलगी घरातून निघून जातात. मुलीच्या घरचे तक्रार देतात. ‘ती स्वतःच्या मर्जीने आली’ हे मुलाच्या आईचं म्हणणं खरंही असेल, पण पोक्सो कायद्यात, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यात, अठराखालच्या मुलीच्या संमतीला अर्थ नाही. शरीरसंबंधाचा आरोप असेल तर किमान शिक्षा दहा वर्षं, म्हणजे गुन्हा आपोआप घृणास्पद वर्गात जातो. मुलाला सोळा पूर्ण असतील तर मंडळ कलम १५ प्रमाणे प्राथमिक मूल्यांकन करतं: त्याची मानसिक आणि शारीरिक क्षमता किती, परिणामांची समज किती, घटना कोणत्या परिस्थितीत घडली. त्यावरून प्रकरण मंडळाऐवजी बाल न्यायालयात (सत्र न्यायालयाच्या पातळीवरचं न्यायालय) प्रौढासारखं चालवायचं की नाही हे ठरतं. म्हणून या टप्प्यावर वकील असलाच पाहिजे. मानसशास्त्रज्ञाचा अहवाल मागा, त्याची प्रत मागा, आणि निर्णय विरोधात गेला तर तीस दिवसांत अपील करा. किमान सात वर्षांची शिक्षा नसलेला गुन्हा, कमाल कितीही असो, या वर्गात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये ठरवलं आहे. एफआयआरमधलं प्रत्येक कलम या चाळणीतून तपासून घ्या.

परिविक्षा अधिकारी (मुलाच्या घरची परिस्थिती तपासून मंडळाला कळवणारा सरकारी अधिकारी) दोन आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल देतो. तो घरी येतो, शेजाऱ्यांशी बोलतो, शाळेतही जातो. तिथे घर सजवून दाखवायचा मोह टाळा. मूल गुटखा खातं, शाळा बुडवतं, बाप पितो, हे शेजारी सांगणारच आहेत. तुम्ही लपवलंत तर अहवालात ‘पालक सहकार्य करत नाहीत’ असं येतं. तुम्हीच सांगून समुपदेशन सुरू केलंत तर तेच मुलाच्या बाजूने लिहिलं जातं.

मुलाचा फोटो किंवा नाव सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरत असेल तर तो कलम ७४ खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. स्क्रीनशॉट ठेवा आणि तक्रार द्या. प्रकरण निकाली निघाल्यावर पोलिसांनी चारित्र्य पडताळणीत त्याचा उल्लेख करायचा नसतो. कलम २४ प्रमाणे दोषी ठरल्यामुळे मुलावर पुढे अपात्रताही येत नाही. अपवाद फक्त सोळावरच्या, बाल न्यायालयाने प्रौढासारखं चालवून दोषी धरलेल्यांचा. तरी भरतीच्या वेळी पोलीस ठाण्यातली जुनी नोंद वर येते आणि मुलाला नाकारलं जातं, असं घडतं. म्हणून मंडळाच्या अंतिम आदेशाची प्रमाणित प्रत त्याच आठवड्यात काढा, आणि मुदत संपल्यावर नोंदी नष्ट करण्यासाठी लेखी अर्ज देऊन पोच घ्या.