उंदराच्या हातातली पाटी

गेल्या ऑगस्टात लेस्टरहून ताई आणि भाची आल्या होत्या. तिकडच्या शाळांना सुट्टी आपल्या ऐन पावसाळ्यात, त्यामुळे या दहा वर्षांच्या पोरीच्या वाट्याला दरवेळी पुण्याचा चिखल आणि न वाळलेले कपडे येतात. चार दिवस पाऊस उघडला नाही. पाचव्या दिवशी ती सोफ्यावर पालथी पडून टॅबलेटवर काहीतरी बघत खिदळत होती. काय बघतेस म्हणून विचारलं, तर म्हणाली, "हिस्टरी."

इतिहास आणि खिदळणं या दोन गोष्टी आमच्या वर्गात एकत्र यायच्या त्या फक्त पुस्तकातल्या व्हाइसरॉयांना मिश्या काढताना. म्हणून मी शेजारी टेकलो आणि संध्याकाळच्या चहापर्यंत उठलो नाही.

कार्यक्रमाचं नाव 'हॉरिबल हिस्टरीज'. टेरी डिअरी यांची याच नावाची पुस्तकं १९९३पासून निघू लागली. बीबीसीच्या मुलांच्या वाहिनीवर त्यांची मालिका सुरू झाली २००९मध्ये. पाच-सहा नट, ढीगभर टोप आणि खोट्या दाढ्या. तोच माणूस आत्ता रोमन सेनापती, दोन मिनिटांनी व्हायकिंग, मग कोणाची तरी राणी. कुठे जुन्या काळातल्या औषधाची टीव्हीवर जाहिरात लागते, तर कुठे यमदूत टेबलामागे बसून मेलेल्यांच्या मुलाखती घेतो आणि त्यांच्या मरणाची हकिगत ऐकून खो खो हसतो. मुलांसाठी काढलेल्या या मालिकेने २०१०चा ब्रिटिश कॉमेडी पुरस्कार मोठ्यांच्या कार्यक्रमांना मागे टाकून मिळवला. नवल वाटलं नाही. ताईसुद्धा भाजी निवडता निवडता डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती, आणि निवडलेल्या देठांची पुन्हा भाजीत भर घालत होती.

त्यातला दुसरा चार्ल्स मला फार आवडला. हा राजा एमिनेमच्या ढंगात रॅप करतो. बापाचं मुंडकं उडवलं, क्रॉमवेलच्या राज्यात नाताळसुद्धा बंद झाला, मग १६६०मध्ये मला बोलावून घेतलं आणि मी मौजमजा परत आणली, असा एकंदर मजकूर. भाचीला तो अख्खा पाठ आहे. म्हणजे इंग्लंडची यादवी, राजाचा शिरच्छेद, प्रजासत्ताक आणि पुन्हा राजेशाही एवढा धडा तिला तीन मिनिटांत, कोणी न घोकवता येतो.

मुंबईबद्दल मात्र त्या गाण्यात अवाक्षर नाही. पोर्तुगालच्या कॅथरिनशी १६६१मध्ये लग्न ठरलं तेव्हा हुंड्यात मुंबई मिळाली ती याच चार्ल्सला, आणि १६६८मध्ये वर्षाला दहा पौंडांच्या बोलीवर त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. दहा पौंड! मी भाचीला हे सांगितलं तेव्हा ती टुणकन उठून बसली. "मामा, खरंच?"

मग मला चेवच आला. हुंडा कबूल करणं वेगळं आणि पदरात पडणं वेगळं, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. अब्राहम शिपमन नावाचा सरदार शेकडो शिपाई घेऊन १६६२मध्ये मुंबई ताब्यात घ्यायला आला. पोर्तुगीज व्हाइसरॉयने त्याला सांगितलं, तुमचे कागद बरोबर नाहीत. इथे ताई एवढ्या जोरात हसली की विळी बाजूला ठेवावी लागली. वाद असा की, इंग्रज म्हणत होते शेजारचं साष्टी बेटही आमचं, पोर्तुगीज म्हणत होते, छे, फक्त मुंबईचं बेट. बिचारा शिपमन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट बघत बसला. तापाने माणसं मरत गेली, १६६४मध्ये तोही गेला. मुंबई हाती आली १६६५मध्ये, तोवर शिपायांतले शंभराच्या आसपासच उरले होते. त्या काळी लंडनच्या दरबारात मुंबई ब्राझीलच्या आसपास कुठेतरी आहे अशी समजूत होती, हाही किस्सा मी वर फोडणीला घातला.

"हे पण खरं?" भाचीने विचारलं.

मी म्हटलं, "असं सांगतात."

"सांगतात म्हणजे? उंदीर काय म्हणेल?"

हा उंदीर म्हणजे त्या मालिकेचा सूत्रधार. रॅटस रॅटस नावाचा बाहुला. काही फारच अचाट घडलं की हा मध्येच उगवतो, हातात पाटी, की हे खरोखर घडलेलं आहे. विनोद कुठे संपतो आणि इतिहास कुठे सुरू होतो, ते पोरांना ही पाटी सांगते. राजा रॅप करत नव्हता हे त्यांना कळतंच. पण नाताळावर बंदी आली होती, त्याला पाटी. मला वाटतं मालिकेतलं सगळ्यात हुशार पात्र हेच.

उंदीरही चुकतो, बरं का. मेरी सीकोल ही जमैकाची शुश्रूषाकार तिच्या वर्णामुळे फ्लॉरेन्स नाइटिंगेलने नाकारली, असं एका प्रवेशात दाखवलं होतं. त्याला आधार नव्हता. तक्रार झाली आणि २०१४मध्ये बीबीसी ट्रस्टने तो प्रवेश चुकीचा ठरवला. पण त्या मालिकेत राणी व्हिक्टोरियाचं एक गाणं आहे. नोकर तिला एकेक करून सांगतो की बाईसाहेब, तुमचा अस्सल ब्रिटिश चहा हिंदुस्थानचा, साखर गुलामांनी पिकवलेली, कापूसही बाहेरचा. राणीचा चेहरा असा पडत जातो की एवढ्या एका गाण्यासाठी माझी उंदराला माफी आहे.

आपल्या ऐतिहासिक मालिकांतही पाटी असते. सुरुवातीलाच, बारीक अक्षरांत, वाचून होण्याआधी नाहीशी होणारी. कोणाच्याही भावना दुखावण्याचा हेतू नाही आणि काही प्रसंग काल्पनिक आहेत. कुठले, ते शेवटपर्यंत सांगत नाहीत. मग ढोल वाजतात, तलवार उपसली की कॅमेरा तीनदा तोंडाजवळ जातो आणि भाग संपतो. उंदराची पाटी बघणाऱ्यासाठी असते, ही वकिलासाठी. असं असायचं कारण नव्हतं, कारण आपल्या तमाशात बतावणी होती, वग होता. वगातल्या राजाची अब्रू सोंगाड्याने भर मांडवात काढायची आणि गावाने मांड्या थोपटून हसायचं, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या केलं. तो राजा बेनामी असायचा, एवढी खबरदारी तेव्हाही होतीच म्हणा.

पाऊस थांबल्यावर तिला शनिवारवाड्यात नेलं. तिथे मी ठेवणीतली गोष्ट काढली. ३० ऑगस्ट १७७३, गारदी, "काका मला वाचवा" म्हणत धावणारा अठरा वर्षांचा नारायणराव, आणि 'धरावे'चं 'मारावे' करणारी आनंदीबाई. एका अक्षराने खून! मराठी माणसाला लहानपणी मिळालेली ही सर्वांत पक्की गोष्ट. भाची डोळे विस्फारून ऐकत होती. संपल्यावर तिने नुसती भुवई उंच केली.

आणि माझी पंचाईत झाली. खून झाला हे खरं. रामशास्त्र्यांनी राघोबादादांना दोषी ठरवलं, हेही. पण आनंदीबाईंनी ते अक्षर खरंच बदललं याला भक्कम पुरावा नाही, असं अभ्यासक सांगत आलेत. म्हणजे जो भाग आपल्याला पाठ आहे, ज्याची म्हण होऊन बसली, नेमकी तिथेच पाटी धरता येत नाही. मी तसं सांगितलं. वाटलं, हिरमुसेल. तर ती म्हणाली, "मग पाटीला दोन बाजू पाहिजेत."

घरी येऊन तिने कुल्फीच्या काडीला पुठ्ठा चिकटवला. कोपऱ्यात मिशाळ उंदीर. एका बाजूला 'खरं'. दुसऱ्या बाजूसाठी तिला मराठी शब्द हवा होता. मी कागदावर लिहून दिला, तिने चित्र काढावं तसा गिरवला: 'ऐकीव'.

त्याच आठवड्यात गणपती आले. जेवणं झाल्यावर आमच्या काकांनी पान जमवलं आणि दरवर्षीप्रमाणे पानिपत काढलं. आमचा एक पूर्वज तिथून जखमी घोड्यावर परत आला, वाटेत नदीला पूर, याने घोड्यासकट उडी टाकली. मागच्या वर्षी नदी नर्मदा होती. यंदा चंबळ होती. मी भाचीकडे बघायचं टाळलं, पण उशीर झाला होता. आरतीच्या ताटाशेजारून पाटी वर आली होती. 'ऐकीव.'

ताई कावरीबावरी झाली. काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, ते अक्षर सावकाश वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बरोबर लिहिलंय पोरीने," ते म्हणाले. "मी प्रत्यक्ष आजोबांच्या तोंडून ऐकलंय." आणि त्यांनी घोडा चंबळेच्या पलीकडच्या काठाला लावला.