खिळ्यावरची सहा कॅलेंडरं

सात वर्षांचा हिशेब एका पानावर होता. तीन एकर संत्र्याचा बगीचा, विहीर, दागिने आणि शेवटच्या ओळीत 'शिल्लक : निरंक'. ते पान हातात देऊन कोर्टाने मला कमिशनर नेमलं. हिशेब तपासायचा, बगीचा पाहायचा आणि अहवाल द्यायचा. तालुक्याच्या ठिकाणी वकिली करताना कमिशनर म्हणून मी धुऱ्यांची भांडणं पाहिली आहेत, पडक्या भिंतींचे नकाशे काढले आहेत. मागे राहिलेल्या इस्टेटीचा हिशेब मागायला मात्र मी कधी कुणाच्या दारात गेले नव्हते.

गाव वरूड तालुक्यातलं. आजीने मृत्युपत्रात सगळं नातीच्या नावे केलं होतं. नातीचे वडील आधीच वारलेले, आणि एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणारा, म्हणून कुणाचं नाव लिहिलेलं नव्हतं. पोरगी तेव्हा अकरा वर्षांची. अशा वेळी भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 244 प्रमाणे वारस सज्ञान होईपर्यंत कोर्ट दुसऱ्या कुणाला प्रशासक नेमू शकतं. आईच्या संमतीने मोठेबाबा, म्हणजे पोरीच्या वडिलांचे थोरले भाऊ, नेमले गेले. त्यांनी जामीनदार दिला, बॉन्ड लिहून दिला. सहा महिन्यांत मालमत्तेची यादीही कोर्टात दाखल केली. कलम 317 प्रमाणे वर्षाच्या आत हिशेब द्यायचा असतो. तो आला नाही. एक वर्ष गेलं, दोन गेली, सात गेली. पोरगी अठरा वर्षांची झाली आणि तिने स्वतः अर्ज केला, तेव्हा ते एक पान आलं.

नोव्हेंबर होता. आंबिया बहार तोडणीला आला होता. रस्त्यानं दोन्ही बाजूंना पिवळी पडत चाललेली झाडं, टेम्पो, क्रेटच्या थप्प्या. बगीच्याच्या फाटकाशी मोठेबाबा उभे होते, पांढरी टोपी, पायात रबरी बूट. पोरगी आईबरोबर दहा पावलं अलीकडे. मोठेबाबा आणि ती एकमेकांशी बोलत नव्हते.

"बाई, आधी झाडं मोजा," ते म्हणाले.

यादीत 318 झाडं होती. आम्ही ओळीनं मोजत गेलो, 297 भरली. बाकीची कुठे गेली, हे ते प्रत्येक रिकाम्या आळ्यापाशी थांबून सांगत होते. हे डिंक्या रोगानं गेलं, हे पाण्यावाचून वाळलं, इथं नवीन जंबेरीवरची कलम लावली पण धरली नाही. खोडांना गुडघ्याच्या वरपर्यंत बोर्डो पेस्ट लावलेली होती, ताजी, बोटाला निळसर लागत होती. बगीचा खाऊन टाकणारा माणूस पावसाळ्याअखेर खोडं रंगवत बसत नाही. हे मी तेव्हाच टिपून घेतलं.

हिशेबाच्या वह्या मागितल्या, तर ते मला घरात घेऊन गेले. ओसरीच्या भिंतीवर चालू वर्षाचं कॅलेंडर होतं. ते उचललं तर मागे त्याच खिळ्याला आणखी पाच. वर धूळ, कडा उंदरानं कुरतडलेल्या. आणि प्रत्येक तारखेच्या चौकोनात पेन्सिलीनं बारीक अक्षर: 'फवारा 1850'. 'बाया 6'. 'इसार 20,000 आले'. 'डीपी जळाली'. 'पोरीची फी 4,500'.

मी ओसरीत सतरंजीवर बसून ती सहा वर्षं उतरवून घेतली. चार तास लागले. इसार कधी आला, व्यापाऱ्याने बाकीचे पैसे कधी दिले, कोणत्या वर्षी गारपिटीने माल पडल्या भावात गेला, सगळं होतं. पोरीची शाळेची फी, वसतिगृह, दवाखाना हा खर्च त्यांनी कोर्टातल्या पानावर दाखवलाच नव्हता. का, विचारलं तर म्हणाले, "लेकरावर केलेल्या खर्चाचा इसोब कसा मांगाचा बाई?"

मग सातबारा काढला. पोरीच्या नावापुढे अ.पा.क., म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणून मोठेबाबांचं नाव, आणि इतर हक्कात कर्जाचा बोजा. बोर खोदायला काढलेलं कर्ज, नऊशे फुटांवर पाणी लागलेलं. या पट्ट्यात भूजल किती खोल गेलंय हे इथं कुणाला सांगायला नको. बोर बगीच्यासाठीच होती, त्याच पाण्यावर ही झाडं उभी आहेत. पण प्रशासकाला कोर्टाची आधी परवानगी घेतल्याशिवाय जमीन गहाण टाकता येत नाही, कलम 307 ते साफ सांगतं. तसा व्यवहार त्या मालमत्तेत हितसंबंध असलेल्या माणसाला रद्द करून मागता येतो. त्यांना हे माहीत नव्हतं. कर्ज देणाऱ्यांनीही विचारलं नाही.

उरले दागिने. यादीत गळ्यातली एकदाणी एक, पाटल्या दोन, चार तोळ्यांच्या. मोठीआईने स्टीलचा डबा आणला, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली एकदाणी काढली. पाटल्या नव्हत्या.

ओसरीत कुणी बोलेना. मग मोठेबाबा पोरीकडे न बघता म्हणाले, "पाटल्या तुह्या ताईच्या लग्नात मोडल्या. वापस कराच्या होत्या. झाल्या नाही."

सात वर्षांत कॅलेंडरं सहाच होती. नव्हतं ते त्याच लग्नाच्या वर्षाचं. लग्नासाठी भिंती रंगवल्या तेव्हा खिळा काढला होता, त्यात ते गेलं, असं त्यांचं म्हणणं. खरं असेल. नसेलही. अहवालात मी त्या वर्षापुढे 'नोंदी उपलब्ध नाहीत' एवढंच लिहिलं.

निघताना ते फाटकापर्यंत आले. "कोर्टानं कधी इचारलंच नाही बाई. दर साली इचारलं असतं, तं म्या पाटल्यांले हात लावला असता का?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. पाटल्यांचा दोष त्यांचाच, त्यात मी तसूभर सूट दिली नाही. पण प्रशासक नेमल्याचा हुकूम झाला की अर्ज 'निकाली' होतो. फाईल रेकॉर्ड रूमला जाते, पुढची तारीखच पडत नाही. हिशेब दिला नाही तर नेमणूक रद्द करता येते, कोर्टाने मागूनही मुद्दाम दिला नाही तर तो गुन्हा आहे, बॉन्डवरून जामीनदाराकडून वसुली करता येते. कायद्यात सगळं आहे. पण मागायला कुणीतरी हवं, आणि ज्याच्यासाठी मागायचं ते लेकरू चौथी-पाचवीत असतं. त्याने अर्ज कसा करायचा? म्हणून अहवालाच्या शेवटी, मला कुणी विचारलेलं नसताना, मी लिहिलं की नेमणुकीच्या हुकमातच यादीची आणि हिशेबाची तारीख घालावी आणि त्या दिवशी प्रकरण कोर्टाच्या बोर्डावर, म्हणजे दिवसाच्या कामाच्या यादीत, यावं. ही विनंती मी पुन्हा करणार आहे, प्रत्येक अशा प्रकरणात.

कोर्टाने कॅलेंडरं पावत्यांशी ताडून सहा वर्षांचा हिशेब मान्य केला. कर्जाच्या बोजाबद्दल पोरीला विचारलं, तर म्हणाली, "पाणी माझ्याच झाडांना जातं, मला तक्रार नाही." पाटल्यांसाठी तीन महिन्यांची मुदत दिली, नाहीतर जामीनदारावर वसुली. अडीच महिन्यांनी मोठेबाबांनी कोर्टात पुडी आणून ठेवली. चार तोळे भरल्या. आजीच्या नव्हत्या, नव्या घडवलेल्या होत्या. पोरीने त्या हातात घालून पाहिल्या नाहीत, रुमालात बांधून पर्समध्ये टाकल्या आणि सही केली.

बाहेर व्हरांड्यात तिने मला गाठलं. ती कॅलेंडरं परत मिळतील का, असं विचारत होती. त्यांच्यावर आता निशाणी, म्हणजे कोर्टाचा पुराव्याचा क्रमांक, पडली होती. अपिलाची मुदत संपल्यावर मूळ कागद परत मागता येतात, असं मी सांगितलं. अर्जाचा नमुना तिथेच बाकावर बसून लिहून दिला.